क्लार्क केंटचा चष्मा पटतो का? सुपरमॅनच्या पाच चित्रपटांचा फोर-के संच

वॉर्नर ब्रदर्सने २०२३ साली ख्रिस्तोफर रीव्हच्या सुपरमॅन-चित्रपटांचा फोर-के (म्हणजे अतिशय बारीक तपशील दाखवणाऱ्या) डिस्कचा जो संच काढला, त्यात मूळ चित्रपट चार असले तरी पाहायला पाच मिळतात, कारण दुसऱ्या चित्रपटाच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या त्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. चित्र किती स्वच्छ झाले आणि आवाज किती घुमतो एवढेच सांगायचे असते, तर हे परीक्षण चार ओळींत आटोपले असते. मला मात्र हा संच एका जुन्या शंकेपायी हवा होता. डेली प्लॅनेट या वर्तमानपत्रातला बातमीदार क्लार्क केंट चष्मा काढतो आणि सुपरमॅन होतो, चष्मा घालतो आणि पुन्हा क्लार्क होतो, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसांना याचा पत्ता लागत नाही. हे त्या माणसांच्या बाजूने पाहिले तर पटण्यासारखे आहे का? पाचही चित्रपट पाहिल्यावर माझे मत असे झाले की पहिल्या चित्रपटात ते पूर्णपणे पटते, दुसऱ्याच्या एका आवृत्तीत पटते, दुसऱ्या आवृत्तीत अर्धवट पटते, आणि पुढच्या दोन चित्रपटांत, एका प्रसंगाचा अपवाद सोडला तर, ते पटवून देण्याची कोणाला फारशी फिकीरच उरलेली दिसत नाही.

शंका जुनीच आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी तयार केलेला सुपरमॅन १९३८ मध्ये पहिल्यांदा छापून आला, तेव्हापासून क्लार्क आणि त्याचा चष्मा त्याच्या सोबत आहेत. क्लार्कचे रूप ठरवताना मूकपटांतला चष्मेवाला विनोदी नट हॅरोल्ड लॉइड त्या दोघांच्या डोळ्यांसमोर होता. कागदावर हे वेषांतर खपून जाते, कारण एका चित्रकाराने काढलेले सगळेच देखणे पुरुष थोडेफार एकमेकांसारखे दिसतात आणि वाचकही पानाशी तेवढी हुज्जत घालत नाही. १९४० मध्ये सुरू झालेल्या रेडिओ-मालिकेत तर चेहऱ्याचा प्रश्नच नव्हता. बड कॉलियर हा नट वाक्याच्या मध्यावरच आवाज खाली उतरवायचा आणि श्रोत्याला कळायचे की क्लार्क गेला, सुपरमॅन आला.

तरीही कॉमिक्सच्या लेखकांना हा प्रश्न टोचत असावा, कारण त्याचे खुलासे त्यांनी वेळोवेळी केले. डिसेंबर १९७८ ची तारीख असलेल्या ‘सुपरमॅन’च्या ३३० व्या अंकात असे सांगितले आहे की चष्म्याची भिंगे क्रिप्टॉन या सुपरमॅनच्या जन्मग्रहाहून आलेल्या यानाच्या काचेची आहेत, त्यांतून सुपरमॅनची संमोहनशक्ती त्याच्याही नकळत काम करते आणि समोरच्याला क्लार्क आहे त्यापेक्षा किरकोळ दिसतो. हा खुलासा मला सर्वांत दुबळा वाटतो, कारण तो भोवतालच्या माणसांची नजर आणि अक्कल दोन्ही हिरावून घेतो. याउलट जॉन बर्न यांच्या १९८७ च्या एका कथेत सुपरमॅनचा शत्रू लेक्स ल्यूथर याचा संगणक सगळा पुरावा जुळवून ‘क्लार्क केंट हाच सुपरमॅन’ असे उत्तर देतो आणि ल्यूथर ते उत्तर फेटाळून लावतो. एवढे सामर्थ्य अंगी असलेला कोणी साध्या माणसाचे सोंग घेऊन जगेल, ही गोष्ट त्याच्या सत्तेच्या हव्यासाने भरलेल्या मनात शिरतच नाही. इथे गुपित राखतो तो पाहणाऱ्याचा स्वभाव, आणि म्हणूनच ते पटते. रिचर्ड डॉनर यांचा पहिला चित्रपट, जो संमोहनाच्या त्या अंकावर छापलेल्या डिसेंबर १९७८ मध्येच पडद्यावर आला, तो याच दुसऱ्या वाटेने जातो.

चष्म्याची खरी ताकद किती, याची एक मोजणीही झालेली आहे. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या रॉबिन क्रेमर आणि के रिची यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना अनोळखी चेहऱ्यांच्या छायाचित्रांच्या जोड्या दाखवून दोन्ही छायाचित्रे एकाच व्यक्तीची आहेत का, असे विचारले होते. दोन्हींत चष्मा असला किंवा दोन्हींत नसला, तर सुमारे ८० टक्के उत्तरे बरोबर येत; एकात चष्मा आणि दुसऱ्यात नाही, असे असले की हे प्रमाण ७४ टक्क्यांच्या आसपास घसरे. म्हणजे साधा चष्मासुद्धा थोडेफार काम करतो, हे खरे. पण हा निष्कर्ष अनोळखी चेहऱ्यांपुरता आहे. ओळखीचा चेहरा आपण दाढी, टोपी, चष्मा, वाढलेले वय या सगळ्यांतून सहज ओळखतो. तेव्हा मेट्रोपोलिसच्या रस्त्यावरच्या माणसाने क्लार्कला ओळखले नाही यात नवल नाही. ज्या लोइस लेनने सुपरमॅनच्या हातात हात घालून शहरावरून उड्डाण केले आणि जी दिवसभर क्लार्कच्या शेजारी बसते, तिने त्याला ओळखू नये, ही खरी अडचण आहे. त्यातून लोइस मूर्ख नाही. ती त्या वर्तमानपत्राची सर्वांत तिखट नजरेची बातमीदार आहे. पहिल्या चित्रपटाचे मोठेपण असे की तो ही अडचण टाळत नाही आणि लोइसला मूर्खही ठरवत नाही.

ख्रिस्तोफर रीव्ह हा सहा फूट चार इंच उंचीचा, ज्युलियर्ड या नाट्यशिक्षणसंस्थेत शिकलेला तरुण नट होता. क्लार्क उभा करताना त्याने कॅरी ग्रँटच्या १९३८ मधल्या एका विनोदी चित्रपटातल्या भांबावलेल्या चष्मेवाल्या शास्त्रज्ञाचा आधार घेतला होता. त्याचा क्लार्क पोक काढून उभा राहतो, हनुवटी आत ओढून घेतो, बोलताना वाक्याच्या सुरुवातीलाच अडखळतो, आणि आवाज सुपरमॅनपेक्षा बराच वरच्या पट्टीत लावतो. भांगसुद्धा उलट्या बाजूला असतो. या सगळ्याचा मिळून परिणाम असा होतो की क्लार्क समोर आला की माणसांची नजर त्याच्यावर टिकत नाही; ती पुढच्या कामाकडे सरकते. संपादक पेरी व्हाइट लोइसला सांगतात की आपल्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत इतक्या वेगाने टंकलेखन करणारा माणूस आपण पाहिलेला नाही. पुरावा असा भर कचेरीत, संपादकांच्या तोंडून जाहीर होतो. आणि लगेच क्लार्क आपला अर्धा पगार दर आठवड्याला एका पत्त्यावर पाठवण्याची विनंती करतो, लोइस त्याच्या पिकल्या केसांच्या आईवरून त्याला चिडवते, आणि तो अगदी मनापासून तिची दुरुस्ती करतो की आईचे केस चंदेरी आहेत. इतक्या भाबड्या माणसाच्या टंकलेखनाच्या वेगाचा विचार पुढे कोण करत बसणार?

गल्लीतला चोरीचा प्रसंग याच पद्धतीने रचलेला आहे. पिस्तूल रोखून लोइसची पर्स मागणाऱ्या चोराला ती लाथ घालते, गोळी सुटते, क्लार्क ती हाताने अडवतो आणि चक्कर आल्यासारखा खाली कोसळतो. नंतर तो तिला समजावतो की दहा डॉलर, दोन क्रेडिट कार्डे, केसांचा ब्रश आणि एक लिपस्टिक यांसाठी जीव धोक्यात घालणे बरे नव्हे. लोइस थबकते, पर्समध्ये नेमके हेच होते, हे याला कसे कळले? तो अंदाज होता म्हणून वेळ मारून नेतो. तिला खटकले, तिने विचारलेही, पण ज्या माणसाला तिने आत्ताच भीतीने बेशुद्ध पडलेले पाहिले, त्याच्याविषयी ती याहून पुढे कशी जाईल? शिवाय लोइसला आधी क्लार्क भेटतो आणि सुपरमॅन नंतर. क्लार्क म्हणजे कोण, याचा तिचा निकाल सुपरमॅन आकाशात दिसण्यापूर्वीच लागून गेलेला असतो, आणि नंतर येणारा माणूस हा तिच्या लेखी आकाशातून आलेला असल्यामुळे ओळखीच्या माणसांत त्याला शोधावे असे तिच्या मनातही येत नाही. मार्गो किडर यांनी लोइसचे हे घाईचे, एका वेळी चार गोष्टींत गुंतलेले लक्ष फार बारकाईने दाखवले आहे. क्लार्कशी बोलताना त्या क्वचितच काही क्षण सलग त्याच्याकडे पाहतात. सुपरमॅन समोर असताना त्यांची नजर हलत नाही.

आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हा संच कोणालाही घ्यायला सांगेन. लोइसला उड्डाण घडवून सुपरमॅन तिच्या गच्चीवरून निघून जातो आणि थोड्याच वेळात दारावर थाप पडते. ठरल्याप्रमाणे क्लार्क तिला जेवायला न्यायला आलेला असतो. ती अजून हवेतच आहे. ती तयार व्हायला आत जाते आणि क्लार्क बाहेरच्या खोलीत एकटा उरतो. तो चष्मा काढतो. खांदे मागे जातात, मान वर येते, छाती भरते आणि तोच सूट घातलेला माणूस चक्क उंच होतो. आवाज खाली येतो आणि तो खऱ्या स्वरात तिला काहीतरी सांगायला सुरुवात करतो. मग धीर सुटतो. चष्मा पुन्हा डोळ्यांवर, खांदे पुन्हा खाली, आणि वाक्याचा शेवट दुसराच कोणीतरी करतो. यात कसली यांत्रिक करामत नाही. जे घडते ते नटाच्या पाठीच्या कण्यात घडते. मराठी प्रेक्षकाला या कसबाची ओळख वेगळी करून द्यायला नको. ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर एकाच खटल्यात पाच माणसे उभी करत, तेव्हा नट एकच आहे हे सगळ्या सभागृहाला ठाऊक असे, आणि तरीही निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे उभे राहण्याच्या आणि बोलण्याच्या ढबीतूनच इतका वेगळा होई की न्यायालयातल्या साक्षीदारांची पंचाईत प्रेक्षकाला खरी वाटे. रीव्ह तेच काही क्षणांत करतो.

डिस्कच्या गुणवत्तेचा प्रश्न इथे नुसता तांत्रिक राहत नाही. छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ यांनी हा चित्रपट मुद्दाम मऊ, किंचित धुरकट प्रकाशात टिपला होता. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले आणि तो त्यांना अर्पण करण्यात आला. जुन्या डीव्हीडीवर तो मऊपणा नुसता अस्पष्टपणा वाटायचा. फोर-केवर तो प्रकाश प्रकाशासारखा दिसतो आणि त्यातली माणसांची हालचाल स्पष्ट होते: जबड्याचा ताण, चष्मा धरलेल्या बोटांची घट्ट पकड, बोलायच्या आधी घेतलेला श्वास. डेली प्लॅनेटच्या कचेरीतल्या गर्दीच्या दृश्यांत मागे कोण कुठे पाहते आहे हेही कळते आणि क्लार्ककडे कोणीच पाहत नाही, हे दिसून येते. आवाजाच्या बाबतीत एक सूचना करावीशी वाटते. क्लार्कचे अर्धवट गिळलेले शब्द समजावेत म्हणून सबटायटल्स लावण्याचा मोह होतो, पण मग नजर खालच्या ओळीवर राहते आणि पट्टी बदलणारा आवाज निसटतो. पहिल्यांदा ती न लावताच पाहावे. जॉन विल्यम्स यांच्या संगीताबद्दल नव्याने काय सांगणार? ते इथे भरघोस ऐकू येते.

दुसरा चित्रपट हाच या संचाचा खरा आधार आहे. डॉनर यांनी दोन्ही चित्रपटांचे चित्रण एकत्रच सुरू केले होते, पण निर्मात्यांशी बिनसल्यामुळे दुसरा चित्रपट रिचर्ड लेस्टर यांनी पुरा केला आणि तो १९८० मध्ये आला. डॉनर यांनी चित्रित केलेला भाग शोधून जुळवलेली आवृत्ती २००६ मध्ये निघाली. दोन्ही आवृत्त्यांत लोइसला गुपित कळते, पण कसे कळते यात फार मोठा फरक आहे.

लेस्टर यांच्या आवृत्तीत नवविवाहित जोडपे म्हणून बातमीसाठी नायगाऱ्याला गेलेल्या लोइसला संशय येतो आणि ती खात्री करून घेण्यासाठी प्रवाहात उडी टाकते. क्लार्क कपडे न बदलता नजरेच्या उष्णतेने एक फांदी पाण्यात पाडतो, ती तिच्या हाती लागते, आणि लोइसची खात्री डळमळते. इथपर्यंत ठीक आहे. मग हॉटेलच्या खोलीत तो गालिच्याला अडखळतो, त्याचा हात शेकोटीत पडतो, हाताला काहीच होत नाही आणि सगळे उघड होते. इतकी वर्षे धडपडण्याचा अभिनय करणारा माणूस खरोखर धडपडून पकडला जातो, हे मला अपुरे वाटते. एक गोष्ट मात्र लेस्टर यांच्या बाजूने सांगितली पाहिजे: आपण असे कसे केले, हे क्लार्कला उमगत नाही तेव्हा लोइस सुचवते की कदाचित तुलाच ते हवे होते. त्या एका वाक्याने प्रसंग सावरतो.

डॉनर यांच्या आवृत्तीत लोइसची बुद्धी सुरुवातीलाच कामाला लागते. ती वर्तमानपत्रातल्या सुपरमॅनच्या छायाचित्रावर पेनाने चष्मा, टोपी आणि कोट काढते आणि समोर उभ्या असलेल्या क्लार्कशी ताडून पाहते. इतका साधा उपाय, आणि ती पत्रकार आहे हे त्यातून किती सहज दिसते! पहिल्या चित्रपटात तिने क्लार्ककडे नीट पाहिले नव्हते. आता पाहिले, आणि पाहताक्षणी ओळखले. त्यानंतर ती कचेरीच्या खिडकीतून खाली उडी घेते, क्लार्क तिला न दिसता वाचवतो आणि वर खिडकीत साळसूदपणे उभा राहतो. शेवटी हॉटेलात ती त्याच्यावर पिस्तूल झाडते. क्लार्क ताठ उभा राहतो, चष्मा काढतो आणि सुपरमॅनच्या आवाजात तिला बजावतो की तुझा अंदाज चुकला असता तर क्लार्क केंट मेला असता. त्यावर ती सांगते की गोळी रिकामी होती. बेसावध क्षणी नव्हे, तर तिच्या हुशारीमुळे तो पकडला जातो आणि त्याचा अभिनय वाया जात नाही. हा प्रसंग प्रत्यक्ष चित्रित झालाच नव्हता. तो नटांची निवड करताना घेतलेल्या पडदा-चाचणीच्या (स्क्रीन टेस्टच्या) चित्रणातून घेतलेला आहे. त्यामुळे त्यात रीव्ह अंगाने बारीक आहे, केसांची ठेवण वेगळी आहे, आणि फोर-केच्या स्वच्छपणात ही तफावत आधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरते. मला तिचा त्रास झाला नाही.

दोन्ही आवृत्त्यांचा शेवट मात्र मला मान्य नाही. लेस्टर यांच्या चित्रपटात सुपरमॅन एका चुंबनाने लोइसची स्मृती पुसतो. डॉनर यांच्या आवृत्तीत तो पहिल्या चित्रपटासारखाच काळ मागे नेतो. पहिल्या चित्रपटात याच माणसाने लोइसला आपण कधीच खोटे बोलत नाही असे सांगितलेले असते. तिने स्वतःच्या बुद्धीने मिळवलेले ज्ञान तिला न विचारता काढून घेणे, हे चष्म्याच्या सोंगापेक्षा कितीतरी जड खोटे आहे. आणि एवढे गुपित जपणारा क्लार्क पुढे त्याच रस्त्याकडेच्या खानावळीत परत जाऊन, शक्ती गमावलेली असताना ज्याने मार दिला त्या ट्रकवाल्याला भर लोकांत उचलून फेकतो आणि आपण हल्ली व्यायाम करतो म्हणून सांगतो. चष्मा डोळ्यांवर असताना केलेली ही मारामारी त्या खानावळीतले लोक जन्मभर विसरणार नाहीत. डॉनर यांच्या आवृत्तीत तर काळच मागे गेलेला असल्यामुळे त्या ट्रकवाल्याने त्याला मारलेलेही नसते. सूड म्हणून तो प्रसंग प्रेक्षकाला सुखावतो, पण गुपिताच्या दृष्टीने तो सगळ्या संचातला सर्वांत बेफिकीर प्रसंग आहे.

१९८३ चा तिसरा चित्रपट बराचसा विनोदाच्या नादी लागलेला आहे, पण अपवाद म्हणून ज्याचा उल्लेख मी सुरुवातीला केला तो प्रसंग त्यात आहे. बिघडलेला, दाढी वाढलेला सुपरमॅन मोडक्या गाड्यांच्या आवारात कोसळतो आणि त्याच्यातून क्लार्क वेगळा होऊन बाहेर येतो, सूट आणि चष्म्यासह. मग दोघे एकमेकांशी लढतात आणि जिंकतो क्लार्क. रीव्हचा क्लार्क इथे बावळट नाही, घाबरट नाही, तरीही तो सुपरमॅनही नाही. या माणसाला शाळेपासून ओळखणारी लाना लँग त्याच्यावरच जीव लावते, हे अ‍ॅनेट ओ’टूल यांच्या कामामुळे फार खरे वाटते. हाच धागा पकडून चित्रपट पुढे गेला असता तर किती चांगले झाले असते.

१९८७ च्या चौथ्या चित्रपटाबद्दल लांबण लावण्यात अर्थ नाही. पैशांची काटकसर प्रत्येक उड्डाणात दिसते आणि फोर-केने ती झाकली जाण्याऐवजी उघडी पडली आहे. क्लार्क आणि सुपरमॅन या दोघांना एकाच संध्याकाळी, एकाच ठिकाणी दोन स्त्रियांना भेटायचे आहे आणि तो दारामागून दारामागे धावतो आहे, हा प्रसंग प्रहसन म्हणून रीव्ह झेपवतो. लोइसला पुन्हा एकदा सगळे सांगून पुन्हा एकदा विसरायला लावणे मात्र अक्षम्य आहे.

ज्यांच्याकडे पहिल्या चित्रपटाची २०१८ ची फोर-के डिस्क आहे, त्यांनी केवळ त्या चित्रपटासाठी पुन्हा खर्च करण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवून पाहायच्या असतील तरच हा संच घ्यावा, आणि मग तो जरूर घ्यावा. पाहताना पहिल्या चित्रपटानंतर थेट डॉनर यांची आवृत्ती लावावी, कारण लोइसची नजर एका चित्रपटातून दुसऱ्यात कशी तीक्ष्ण होत जाते ते सलग पाहिल्यावरच कळते. लेस्टर यांची आवृत्ती काही दिवसांनी पाहिली तरी चालेल.